टाक्याचं पाणी

पातेलं ॲल्युमिनियमचं होतं आणि तळाला खिचडी करपून बसली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कॉलेजातल्या आठ-दहा जणांबरोबर गडावर मुक्कामाला गेले होते. मे महिना होता, आणि सकाळी उतरण्याआधी भांडी घासायची पाळी माझी होती. देवळामागच्या, कातळात खोदलेल्या टाक्याच्या पायरीवर बसून मी पातेलं पाण्यात बुडवलं, घरून पुडीत बांधून आणलेली भांड्यांची पावडर त्यात टाकली आणि नारळाच्या शेंडीने खसाखसा घासायला लागले. फेस पाण्यावर सरकत गेला. त्याच्यामागून तेलाचा तवंग निघाला आणि कोवळ्या उन्हात त्यावर जांभळे-हिरवे रंग दिसायला लागले. ते रंग मला सुंदर वाटले होते, हे अजून आठवतं.

मान वर केली तर समोरच्या काठावर एक बाई उभी. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, कमरेला कळशी आणि पदराला धरून एक पोरगं. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिची नजर पाण्यावर होती. काही न बोलता ती वळली. पोरगं म्हणालं, "आये, पाणी?" ती म्हणाली, "वरल्या टाक्यावर."

वरचं टाकं आम्ही आदल्या दिवशी पाहिलं होतं. बालेकिल्ल्याच्या पोटात, अर्ध्या तासाच्या खड्या चढावर. तिथून भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तिला उतरायचं होतं, तेही पोराला सांभाळत.

ती ओरडली असती तर मी माफी मागितली असती आणि बहुधा विसरूनही गेले असते. तिच्या त्या वळण्याला आता सव्वीस वर्षं झाली. गडाचं नाव लिहीत नाही. मी जे केलं ते सह्याद्रीतल्या कुठल्याही गडावर आजही घडतं, आणि करणारे बहुतेक जण माझ्यासारखेच असतात. डोंगरावर त्यांचा जीव असतो, घरात कुणी त्यांना वाईट वळण लावलेलं नसतं, फक्त आपण कशात हात घालतोय याची कल्पना नसते.

मला ती कल्पना यायला पुढची काही वर्षं जावी लागली. एका पावसाळ्यानंतर, दुर्गसंवर्धन करणाऱ्या एका गटाबरोबर गाळ काढायला गेले तेव्हा पहिल्यांदा टाक्याच्या तळाशी उतरले. ते पूर्ण उपसून झालं होतं. वर मोकळं दिसणारं टाकं आत डोंगराच्या पोटात किती लांब गेलेलं असतं, हे खाली उभं राहिल्यावरच कळतं. कातळातच सोडलेले दोन खांब छत पेलून होते आणि भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव ओळीने दिसत होते. हात लावला तर प्रत्येक घाव बोटभर लांबीचा. इतका कठीण काळा पाषाण, आणि एकेका घावाला निघाला असेल तो चिमूटभर. असं खोदत खोदत कुणीतरी घरभर पोकळी केली होती.

खोदताना निघालेला दगड वाया जात नसे, तटबंदीला आणि वाड्यांच्या जोत्यांना तोच वापरला जाई. म्हणजे गड बांधायची खाण तीच पुढे गडाचं पाणी झाली. अर्धं टाकं कातळाखाली ठेवण्यातही शहाणपण आहे. ऊन पोचत नाही, वाफ कमी होते, शेवाळ धरत नाही, आणि एप्रिल-मेमध्येही पाणी दात शिवशिवतील इतकं गार राहतं. काही ठिकाणी टाक्यांची रांगच असते. वरचं भरलं की पाणी खालच्यात उतरतं आणि गाळ वरच्यातच बसतो. जुन्नरजवळच्या चावंडवर सात टाकी शेजारी शेजारी खोदली आहेत. तिथे गेलात तर घाईने फोटो काढून निघू नका. काठावर दहा मिनिटं बसा आणि हे कुणी, किती दिवस खोदलं असेल याचा विचार करा.

पण मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट होती ती अगदी साधी. टाक्याला निचरा नसतो. ओढ्यात साबण पडला तर वाहून तरी जातो (तोही खालच्या वाडीच्या पाण्यातच जातो, पण ते असो). टाक्यात पडलेलं कुठेही जात नाही. पावसाळ्याचे चार महिने पाणी भरतं, भरून सांडतं तेवढंच काय ते बदलतं. त्यानंतर पुढचे आठ महिने तेच पाणी. माझी भांड्यांची पावडर त्या मे महिन्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्या पाण्यातच होती. बेडकांनी, पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या किड्यांनी, रात्री पाण्याला येणाऱ्या भेकराने ती सोसली. पाण्यावर चालणारे ते किडे तर साबण पडला की बुडतात. पाण्याच्या ज्या ताणावर ते उभे असतात, तोच साबणाने मोडतो.

गाळात काय सापडलं तेही सांगते. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, दारूच्या बाटल्यांच्या काचा, एक लहान मुलाची चप्पल, गुटख्याच्या पुड्यांचा लगदा, नाणी. त्या सगळ्याखाली, हातभर खोल, जुनी खापरं. आमच्याबरोबरच्या जाणत्या माणसाने खापरं वेगळी ठेवायला लावली. संरक्षित गडावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय गाळ उपसायचाच नसतो, कारण त्या गाळातही इतिहासाचे थर असतात. आपण त्यावर आपला थर चढवला आहे, वेफर्सच्या पाकिटांचा. घमेली हातोहात वर जात होती आणि मी खाली उभी राहून चिखल भरत होते. माझं त्या टाक्याशी काही नातं नव्हतं, तरी त्या दिवशी मी मनातल्या मनात दुसऱ्याच एका टाक्यात उभी होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांवर एक प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा हा ग्रंथ. गड बांधायचा तर आधी पाणी बघा, पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर आधी खडक फोडून टाकी करा, असं त्यात सांगितलं आहे. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून साठ्याचं पाणी हवंच. आणि ते पाणी फार जपा. याच प्रकरणात कचऱ्याबद्दलही आहे. गडावरच्या वाटांवर, बाजारात, तटाजवळ केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली लोटून द्यायचा नाही, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकायची आणि त्यावर भाजीपाला पिकवायचा. तीनशे वर्षांपूर्वीचा केर म्हणजे पालापाचोळा, शेण, चिंध्या. आपला केर जाळण्याजोगा उरलेला नाही, प्लास्टिक जाळलं तर त्याचा धूर आपल्याच नाकात जातो. म्हणून तो पाठीवरच्या पिशवीत घालून खाली आणायचा, आणि गडाखालच्या गावातही न टाकता आपल्या शहरापर्यंत न्यायचा. गावाला कचऱ्याची गाडी येते असं कुणी समजू नये. गावातल्या पिंपात टाकलेल्या बाटल्या शेवटी गावामागच्या ओढ्यातच जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. बातमी आली त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच लोहगड आठवला, कारण तोही त्या यादीत आहे. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या त्या चार दरवाजांच्या वळणावळणाच्या वाटेत माणसं इतकी दाटतात की वरचा खाली येऊ शकत नाही आणि खालचा वर जाऊ शकत नाही. एवढ्या गर्दीत एकाने शिट्टी मारली की दहा जण मारतात, एकाने बाटली तटाबाहेर भिरकावली की ती दहांची रीत होते. शक्य असेल त्याने मधल्या वारी जावं, सूर्य उगवायच्या आत चढावं, आणि लोहगडच बघायचा असं धरून बसू नये. समोर विसापूर आहे, जवळ तिकोना आहे, आणि नाव न ऐकलेले कितीतरी गड आहेत. तिथेही शंभर जण घेऊन जायचं नाही, हे ओघाने आलंच.

लोहगडाच्या पायथ्याशी भाजे लेणी आहेत. मळवली स्टेशनवर उतरून चालत गेलं की आधी तीच लागतात. तिथल्या एका टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख आहे. महारठी (ही त्या काळची पदवी) कौशिकीपुत्र विण्हुदत्त याने ही 'पोढी' दान दिली, एवढाच. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही ओळ. कान्हेरीला, जुन्नरला, कुड्याला अशा पोढ्यांचे लेख आहेत. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंनी ते पाणी प्यायलं असेल, आणि घाटवाटेने बैल हाकत आलेल्या व्यापाऱ्यांनीही. देणाऱ्याने पाणी दिलं आणि म्हणून त्याचं नाव दगडात राहिलं. त्याच डोंगरात आज कातळावर खिळ्याने ओरखडलेली नावं आहेत, बाणाने छेदलेली हृदयं आहेत, पक्षांची चिन्हं आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण मला वाटतं, त्या पोढीसमोर एकदा उभं राहून ती ओळ कुणी वाचून दाखवली, तर खिशातला खिळा बाहेर काढायला हात धजावणार नाही. मी माझ्या भाच्यांना तिथे नेलं होतं. धाकटा सातवीत होता. त्याने विचारलं, "मग हा पाणी कुणासाठी देतोय? ओळखीच्या माणसांसाठी?" मी म्हटलं, "जो येईल त्याच्यासाठी." तो बराच वेळ ते टाकं बघत राहिला.

जो येईल त्याच्यासाठी. आपणही त्या येणाऱ्यांतलेच.

गावाकडे पूर्वी पाणवठ्याला रीत असायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला प्यायचं पाणी, त्याखाली धुणं, त्याच्याही खाली गुरं. त्या रीतीत जातीचा जो क्रूरपणा मिसळला होता तो मला नको, त्याचा इतिहास महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे, महाडचं चवदार तळं आपल्याच मातीत आहे. पण पाण्याला वरचं अंग आणि खालचं अंग असतं, वरच्याने काही केलं की खालच्याला ते प्यावं लागतं, हे भान डोंगरात गेल्यावर पहिल्यांदा लागतं. त्यातूनच बाकीचं सगळं सुचत जातं. अंघोळ करायची, हातपाय धुवायचे, तर बाटलीत किंवा तांब्यात पाणी काढून घ्या आणि टाक्यापासून लांब जा. भांडी राखेने, मातीने, गवताच्या चुंबळीने घासली जातात, पावडर लागत नाही. पोहायची हौस टाक्यात भागवायची नाही, मग पाणी कितीही निळंशार दिसो. प्यायच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्यांचे फोटो मला बघवत नाहीत.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल सगळे कुजबुजत बोलतात. शौचाला बसायची जागा. देवळामागे, टाक्याच्या वरच्या उतारावर, पायवाटेला लागून, अशा सगळ्या ठिकाणी मी ते पाहिलं आहे. पहिला पाऊस पडला की ते सगळं टाक्यातच उतरतं. पाण्यापासून निदान सत्तर-ऐंशी पावलं लांब, पाण्याच्या खालच्या अंगाला जायचं, वीतभर खोल खड्डा करायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. छोटं खुरपं पिशवीत ठेवलं तर वजन होत नाही. टिश्यू पेपर आणि ओले रुमाल पुरले तर रानडुकरं उकरून काढतात, ते परत आणायचे. मुलींनो, पॅडही परत आणायची. कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत, तिच्यावर अजून एक पिशवी. ट्रेकला निघायच्या आधी ग्रुपमधल्या कुणीतरी मोठ्या बाईने हे लाज न बाळगता सांगावं. मी सांगते. सुरुवातीला मुली खाली बघतात, उतरताना येऊन म्हणतात, बरं झालं ताई सांगितलंत.

वाडीत जेवायला थांबणं हा तर ट्रेकचा सगळ्यात आनंदाचा भाग. पिठलं, तांदळाची भाकरी, खर्डा, वर कांदा फोडून. पण आधी फोन करून माणसं किती ते सांगायचं, आणि वीस सांगून बारा जायचं नाही. मावशींनी पहाटे उठून वीस जणांच्या भाकऱ्या थापलेल्या असतात, सरपण डोंगरातून डोक्यावर आणलेलं असतं. एका वाडीत, एका घरात, उरलेल्या सोळा भाकऱ्यांची चवड मी पाहिली आहे. ज्यांनी सांगितलं होतं त्यांना वाटेत हॉटेल आवडलं म्हणून ते तिथेच जेवले होते. मावशी म्हणाल्या, "गुरं खातील, वाया नाय जायचं." त्या हसून म्हणाल्या, पण मला ती चवड विसरता येत नाही. भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. फोटो विचारून काढावा. आवणी झालेल्या खाचरात उतरू नये, बांधावरून जपून जावं, तो बांध पावसाळ्याआधी त्यांनी चिखलाने लिंपून काढलेला असतो. आणि गाडी अशी लावावी की एसटी वळू शकेल. रात्री एखाद्या बाळंतिणीला न्यायचं म्हटलं तर गावाचा रस्ता तेवढा एकच असतो.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही, खांद्यावर स्पीकर घेऊन चढणाऱ्याला एवढंच सांगते की वर कड्याला आग्यामोहोळ असतं. अत्तराचा उग्र वास, धूर, दगड, गलका यांनी ते उठतं. मग ज्याने उठवलं त्यालाच चावतं असं नाही, मागून येणाऱ्या निरपराध माणसांना सोसावं लागतं. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या बाजूला जाणाऱ्यांनी मोटारीचे दिवे आणि मोबाइलचा टॉर्च बंद ठेवावा. तो लखलखाट म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं असतं, आणि आपल्या उजेडात ते हरवतं. काजवा बाटलीत भरून मुलाच्या हातात देणाऱ्या बापाला मी एकदा हात जोडले होते. त्याने बाटली उघडली. मुलगा रडला नाही, उडून गेलेल्या ठिपक्याकडे बघत राहिला.

त्या पहिल्या गडावर मी बरीच वर्षं गेले नव्हते. पाय वळत नव्हते म्हणा. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातच, भाच्यांना घेऊन गेले. देऊळ तेच, पायऱ्या त्याच, वाडीत चार-दोन घरांवर पत्रे नवे. टाक्याचं पाणी खूप खाली गेलेलं, पायऱ्या संपून कातळ उघडा पडलेला. काठावर एक आजी बसल्या होत्या. समोर दोन हंडे, एक भरलेला, एक अर्धा, आणि हातात दोरीला बांधलेला पोहरा. ती त्या दिवशीची बाई असेल का, असं क्षणभर वाटलं. वय जुळत होतं. पण विचारणार काय? "तुम्ही सव्वीस... तेवीस वर्षांपूर्वी इथून रिकाम्या हंड्याने परत गेला होतात का?"

आमच्या चारही बाटल्या रिकाम्या होत्या. भाचा पुढे झाला तसा मी त्याचा हात धरला.

"आजी, पाणी घेऊ का आम्ही? तुमचं भरून झालं की."

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग बाटल्यांकडे, मग त्या दोन पोरांकडे. पोहरा माझ्या हातात दिला आणि थोड्या सरकून बसल्या.

"घ्या की. वरवरचं नका काढू, कोमट असतंय. दोरी सैल सोडा, तळाला जाऊ द्या. आता हळू ओढा. हळू. गाळ उठतोय."